व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथंच स्टुडंट व्हिसा करता येतो का? भाच्याचा प्रश्न आहे, जाणत्यांनी सांगा

नंदगडकर_मामा

नमस्कार मंडळी.

माझ्या बहिणीचा मुलगा, खानापूर तालुक्यातलाच, बेळगावात बीकॉम झाला. पुढं ऑस्ट्रेलियात अकाउंटिंग शिकायचं म्हणतो. मेलबर्नला त्याची चुलत बहीण असते. बेळगावातल्या एका एजंटानं त्याला असं सांगितलंय, की स्टुडंट व्हिसाला कागद फार, वेळ फार, शिवाय नकाराची भीती. त्यापेक्षा बहिणीकडं फिरायला म्हणून व्हिजिटरवर जा, उतरल्यावर कॉलेजात ॲडमिशन घे आणि तिथल्या तिथं स्टुडंट करून टाक. "सगळे असंच करूलेत," हे त्याचं वाक्य. साडेतीन लाख मागतोय, निम्मे आधी.

भात नुकतंच विकलंय. राहिलेल्या रकमेसाठी दाजी सोसायटीचं कर्ज काढायला निघालेत. पोरगा हुशार आहे, सरळ आहे. मला यातलं काही कळत नाही, पण मन घेत नाही. येत्या सोमवारी एजंटाला पैसे द्यायचे ठरलेत. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का?

टिळकवाडीकर

मामा, सोमवारी एक रुपयाही देऊ नका.

ऑस्ट्रेलियात हा रस्ता १ जुलै २०२४ पासून बंद झालाय. व्हिजिटर व्हिसावर (सबक्लास ६००) तिथं गेलेल्या माणसाला तिथं बसून स्टुडंट व्हिसाचा (सबक्लास ५००) अर्ज करताच येत नाही. अर्ज करून नकार येणं वेगळं. इथं अर्जच धरला जात नाही.

येळ्ळूरकर

एजंटाच्या भिंतीवर अजून २०२३ चं कॅलेंडर टांगलेलं दिसतंय. मामा, थांबा जरा. इथं माहितगार लोक आहेत, येतीलच.

कॉलेज_रोड

मी गेली काही वर्षं याच कामात आहे, पोरांचे परदेशी ॲडमिशनचे कागद बघते. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एजंटाबद्दल. जुलै २०२४ पूर्वी हे कायदेशीर होतं आणि बरेच जण करतही होते. तेव्हा तो मुद्दाम फसवतोय असं मी लगेच म्हणणार नाही. पण बंद झालेल्या जुन्या नियमावर आज साडेतीन लाख घेणं, हे ज्याचे पैसे जातात त्याच्या दृष्टीनं फसवणूकच. तिकडच्या सरकारनं रस्ता का बंद केला तेही समजून घ्या. लोक व्हिजिटरवर यायचे, स्टुडंटचा अर्ज टाकायचे, निकाल लागेपर्यंत ब्रिजिंग व्हिसावर राहायचे, नकार आला की अपील करायचे. शिक्षण बाजूला राहायचं आणि मुक्काम लांबत जायचा. त्याला तिकडं 'व्हिसा हॉपिंग' म्हणतात.

व्हिजिटरवर तीन महिन्यांपर्यंतचा छोटा कोर्स करायला परवानगी असते. भाच्याला पदवी करायची आहे, त्याला तीन महिन्यांचा काय उपयोग?

सरळ रस्ता असा. कॉलेजचं ऑफर लेटर घ्यायचं, फीचा पहिला हप्ता आणि तिथला आरोग्य विमा भरायचा, मग कॉलेज सीओई, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, देतं. सीओईशिवाय अर्ज नाही. अर्जात 'जेन्युइन स्टुडंट'चे प्रश्न असतात. हाच कोर्स का, याच देशात का, इथं तुझं कोण आहे, शिकून काय करणार. मार्च २०२४ पासून जुन्या लांबलचक निबंधाच्या जागी हे प्रश्न आले. एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, कोर्सची फी आणि प्रवासखर्च वेगळा. व्हिसाची फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झालीय आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. म्हणून अर्ज एकदाच करायचा आणि नीट करायचा.

वडगावचा_विणकर

तुम्ही सगळे पोराला घाबरवूलाय. नियम असतात तशा वाटाही असतात की. माझा मित्र अमेरिकेत व्हिजिटरवर गेला आणि तिथंच स्टुडंट झाला, आता नोकरी करतोय. न्यूझीलंडमध्ये पण होतं असं ऐकलंय. सगळीकडं दारं बंद आहेत असं कशाला सांगायचं? आमच्यासारख्यांच्या पोरांनी मागावरच बसायचं काय?

कॉलेज_रोड

@वडगावचा_विणकर, तुमचा राग मला समजतो. न्यूझीलंडमध्ये व्हिजिटरवर असताना तिथून स्टुडंटचा अर्ज करता येतो हे खरं आहे. अमेरिकेतही करता येतं. पण मुळात व्हिजिटर व्हिसा मागताना आपण खरे पाहुणे आहोत असं लिहून द्यावं लागतं, ते दोन्हीकडं. शिकायला जायचं आधीच ठरलंय आणि फॉर्मवर 'बहिणीला भेटायला' लिहिलं, तर ते खोटं झालं. आणि व्हिसाच्या फाईलमधलं खोटं पुढच्या प्रत्येक अर्जात आडवं येतं.

कडोलीची_लेक

मी स्वतः अमेरिकेत हे केलंय. विणकरदादांनी विषय काढलाच आहे, तर सगळं सांगते.

२०२२ मध्ये ताईचं पहिलं बाळंतपण होतं, डॅलसजवळ. आईचे गुडघे दुखायचे, तिला एकटीनं एवढा प्रवास झेपला नसता, म्हणून मी सोबत गेले. बी-२, म्हणजे व्हिजिटर व्हिसा. विमानतळावर सहा महिन्यांची मुदत मिळाली. ही मुदत पासपोर्टवरच्या व्हिसाच्या तारखेप्रमाणं नसते, आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीवर, लिहिलेली असते, ती वेबसाइटवर जाऊन बघायची. ताईनं ती तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवली होती, बाळाच्या लसींच्या तारखांच्या शेजारी.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा भावजी मला त्यांच्या जुन्या युनिव्हर्सिटीत घेऊन गेले, सहज, बघायला म्हणून. तिथं मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथं शिकावं. चौथ्या महिन्यात ॲडमिशन मिळालं, कॉलेजनं आय-२० (स्टुडंटसाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) दिलं, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी भरली आणि आय-९४ ची मुदत संपायच्या आत आय-५३९, म्हणजे व्हिजिटरचं स्टुडंट करायचा फॉर्म भरला. (त्याची फी आता ऑनलाइन ४२० आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे.) पूर्वी कोर्स सुरू होईपर्यंत व्हिजिटरची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागायची. जुलै २०२१ पासून ती गरज राहिली नाही, तेवढं माझं नशीब.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. सात महिने. मंजुरी येईपर्यंत वर्गात बसायचं नाही, हा नियम कडक आहे. एक तासिका केली तरी सगळं बाद. सेमिस्टर सुरू झालं, माझी जागा रिकामी राहिली, कॉलेजला विनंती करून आय-२० पुढच्या सेमिस्टरवर ढकललं. काम करता येत नाही, शिकता येत नाही. देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्याच काळात आमची आजी गेली. आई आधीच परतली होती. तिनं व्हिडिओ कॉलवर मला दारातली रांगोळी पुसलेली दाखवली आणि मी ताईच्या स्वयंपाकघरात उभी राहून ते बघितलं. येता आलं नाही.

मंजुरी आली. पण ती फक्त 'स्टेटस'ची होती, तिच्यानं पासपोर्टवर एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसाचा शिक्का मिळत नाही. पुढच्या वर्षी भावाच्या लग्नाला आले तेव्हा परत जाण्यासाठी चेन्नईला मुलाखत द्यावी लागली. अधिकारी बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बहिणीच्या बाळंतपणाला गेला होता की शिकायला?"

माझ्याकडं दवाखान्याचं पत्र होतं, भाच्याचा जन्मदाखला होता, आणि युनिव्हर्सिटीला केलेला पहिला ईमेल बाळ झाल्यावर दोन महिन्यांनी गेलेला होता. त्यांनी तारखा एकाखाली एक लावून बघितल्या आणि व्हिसा दिला. जायच्या आधीच कॉलेजला ईमेल केलेला असता तर तिथं माझ्याकडं काय उत्तर होतं? विणकरदादा, तुमच्या मित्राचं माहीत नाही, पण माझं झालं ते तारखा खऱ्या होत्या म्हणून.

टिळकवाडीकर

@कडोलीची_लेक, फार नीट लिहिलंत. आजीचं वाचून वाईट वाटलं.

एक जोड देतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा ९० दिवसांचा नियम आहे. आल्यावर ९० दिवसांच्या आत व्हिजिटरला न शोभणारं काही केलं, उदाहरणार्थ परवानगी न घेता शिकायला लागलं, तर येतानाच खोटं बोलला होता असं धरायला त्यांना आधार मिळतो. आणि नुसती कॉलेजं बघायला खरोखर जायचं असेल तर तसं उघड सांगता येतं. बी-२ वर 'प्रॉस्पेक्टिव्ह स्टुडंट' असा शेरा मिळतो. लपवायची गरजच नाही.

लेस्टरवासी

इंग्लंडचं थोडक्यात. व्हिजिटरवर सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स मान्यताप्राप्त संस्थेत करता येतो. पण व्हिजिटरवरून स्टुडंटवर इथल्या इथं बदल नाहीच. भारतात परत जा, युनिव्हर्सिटीचं कॅस (प्रवेश पक्का झाल्याचं पत्र) घ्या, टीबीची तपासणी करा, खात्यात २८ दिवस सलग पैसे ठेवा, मग अर्ज. २०२५ मध्ये फी ५२४ पौंड होती, वर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. आमच्या गल्लीत दर वर्षी एखादा मुलगा सुटकेस घेऊन येतो आणि विचारतो, "इथून होतंय ना?" त्याला नाही म्हणताना जीव तुटतो.

मच्छे_ते_म्युनिक

जर्मनीतही तेच. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. त्यावर येऊन युनिव्हर्सिटीत नाव घालता येत नाही. घरूनच नॅशनल, म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा काढून यायचं. भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद खरे असल्याचं) लागतं, त्याची फी १८,००० रुपये. आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो.

बेळगावच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना एक सोय आहे. व्हीटीयू, म्हणजे त्यांचं विद्यापीठ, आपल्या मच्छ्यातच. ट्रान्स्क्रिप्टसाठी बाहेरची पोरं रात्रीच्या गाडीनं येतात, मी सायकलवर जाऊन अर्ज देऊन आलो होतो. येताना बाजूच्या गाड्यावर मिरची भजी.

येळ्ळूरकर

भजी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये धरतात का म्युनिककर?

मच्छे_ते_म्युनिक

धरत असते तर मी पीएचडीपर्यंत शिकलो असतो 😀

गणपत_गल्ली

बरेच दिवस इथं फक्त वाचतो. आज लिहितो.

माझ्या धाकट्याला २०२४ मध्ये कॅनडाला व्हिजिटरवर पाठवलं. असंच सांगितलं होतं, तिथं गेल्यावर स्टडी परमिट होतंय. तिथं गेल्यावर कळलं की व्हिजिटरला आत बसून अर्ज करायची मुभा मोजक्याच लोकांना असते आणि आमचा मुलगा त्यात बसत नाही. शिवाय त्या वर्षीच्या जानेवारीपासून प्रांताचं शिफारसपत्र लागायला लागलं होतं, तेही नव्हतं. सहा महिने एका तळघरात पाच पोरांबरोबर राहिला. मुदत संपायच्या चार दिवस आधी परत आला. मुदत मोडली नाही, एवढं एक चांगलं केलं त्यानं.

सहा लाख गेले. पैशाचं एक असो. पोरगा परत आल्यावर महिनाभर दुकानात आला नाही. गिऱ्हाईक विचारेल, "काय रे, कॅनडाहून कधी आलास?" म्हणून. शटर अर्धं उघडायच्या वेळी येऊन हिशेबाची वही लिहायचा आणि गिऱ्हाईक यायच्या आत घरी.

एजंटाकडं गेलो तर म्हणाला, "तुमच्या मुलानं तिथं प्रयत्न कमी केले." मामा, दाजींना हे वाचून दाखवा.

कडोलीची_लेक

काका, तो वेळेत परतला म्हणून त्याची फाईल स्वच्छ आहे. त्याला शिकायचं असेल तर दार अजून उघडं आहे. जुना व्हिसा आणि परत आल्याचा शिक्का जपून ठेवायला सांगा.

वडगावचा_विणकर

गणपत गल्लीच्या काकांचं वाचलं. मी वर जे लिहिलं त्यात घाई केली. मित्राला काल फोन लावून विचारलं. तोही भावाच्या ऑपरेशनला गेला होता, शिकायचं नंतर ठरलं. हे त्यानं मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

निपाणीची_सून

विषय जरा वेगळा, पण मामांना लागणार आहे. आपल्या भागातल्या कागदांची जी गुंतागुंत आहे ती बाहेरच्या कन्सल्टंटना कळत नाही.

पहिलं, गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आलं. त्याआधीच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर 'बेळगाव'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग. एका फाईलमध्ये दोन गावं दिसतात. सोबत दोन ओळींची टीप लावायची की नाव बदललंय, गाव एकच आहे.

दुसरं, आडनाव. कर्नाटकातल्या मार्क्सकार्डावर बऱ्याचदा आडनावाचं नुसतं आद्याक्षर असतं आणि तसाच पासपोर्ट निघतो, आडनावाचा रकाना कोरा. अमेरिकेच्या व्हिसावर मग नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. ते पुढं बँकेत, लायसन्सला सगळीकडं नडतं. अर्ज करायच्या आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

तिसरं, जमीन. आमची थोडी जमीन निपाणीत आणि थोडी कागल तालुक्यात. इकडची पहाणी (कर्नाटकातला सातबाराच) कन्नडमध्ये, तिकडचा सातबारा मराठीत. दिराच्या वेळी दोन्हींचं इंग्रजी भाषांतर केलं, तर एका कागदावर सासऱ्यांचं नाव एका स्पेलिंगनं, दुसऱ्यावर दुसऱ्याच. बँकेनं परत पाठवलं. भाषांतर करणाऱ्यासमोर पासपोर्ट ठेवा आणि त्यातलं स्पेलिंग बघूनच लिहायला सांगा. त्याचं नाव, सही, तारीख, पत्ता खाली हवाच.

टिळकवाडीकर

सीमाभागातल्या माणसाला इंग्लंडला जायच्या आधी मराठी, कन्नड, इंग्रजी असा तीन भाषांत स्वतःचा पुरावा द्यावा लागतो. निपाणीच्या वहिनींनी लिहिलंय ते छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

नंदगडकर_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

रविवारी बहिणीकडं गेलो. धागा मोबाईलवर वाचून दाखवला. कडोलीच्या ताईंचं वाचताना बहीण उठून आत गेली. गणपत गल्लीच्या भाऊंचं दाजींनी मला दोनदा वाचायला लावलं.

सोमवारी आम्ही तिघं एजंटाकडं गेलो. मी फक्त एवढंच विचारलं, "जुलै २०२४ नंतर व्हिजिटरवरून अर्ज धरत नाहीत म्हणे, तुमच्याकडं वेगळा नियम असला तर दाखवा." तो म्हणाला, तो नियम सगळ्यांना लागू नाही. मी म्हटलं, कुणाला लागू नाही ते लिहून द्या. तेव्हा म्हणाला, "मग न्यूझीलंड करूया, पैसे तेवढेच." भाचाच उठला. बाहेर येऊन म्हणाला, "मामा, मला तर न्यूझीलंडला जायचंच नव्हतं."

पैसे दिले नाहीत. आता दोन शंका. पासपोर्ट काढून बघितला तर निपाणीच्या ताईंनी सांगितलं तसंच, आडनावाचा रकाना कोरा. आणि दुसरं, एवढे पैसे खात्यात एकदम दाखवायचे तर भाताच्या पैशात ते होत नाही. शैक्षणिक कर्ज चालतं का?

कॉलेज_रोड

चालतं. बँकेचं मंजुरीपत्र पुरावा म्हणून धरलं जातं. ते घरच्या ठेवीपेक्षा कमी समजू नका. कुणाकडून आठवड्यासाठी उसने घेऊन खात्यात टाकायचं मात्र करू नका. पैसे कुठून आले हे विचारतात. भाताच्या विक्रीच्या पावत्या असतील तर त्या जपा, त्या खऱ्या आहेत आणि दाजींचं उत्पन्न सांगतात.

मेलबर्नची बहीण अर्जात लपवू नका. नातेवाईक आहे हे लिहायचं. तिच्या घरी राहणार असेल तर तेही लिहायचं. आणि 'हाच कोर्स का' याचं उत्तर भाच्यानं स्वतः लिहू दे. तुम्ही किंवा मी लिहिलेलं नको. बीकॉमला कुठला विषय आवडला, गावाकडं येऊन किंवा दुसरीकडं जाऊन काय करायचा विचार आहे, ते त्याच्या शब्दांत.

लेस्टरवासी

ऑस्ट्रेलियातली मोठी सत्रं फेब्रुवारी आणि जुलैला सुरू होतात. पासपोर्टला लागणारा वेळ धरून चला, घाईत जवळचं सत्र पकडू नका.

गणपत_गल्ली

मामा, पैसे दिले नाहीत हे वाचून बरं वाटलं. धाकट्याला दाखवलं. तो म्हणाला, त्या मुलाला काही विचारायचं असेल तर माझा नंबर दे. तुम्हाला निरोपात पाठवतो.

नंदगडकर_मामा

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. आडनावासाठी पासपोर्टचा अर्ज भरला, अपॉइंटमेंट मिळाली. भाचा सकाळी गुंजीहून सातच्या बसनं बेळगावला क्लासला जातो, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी. गणपत गल्लीच्या भाऊंचा मुलगा त्याला शनिवारी दुकानात बोलावतो. दोघं मागच्या बाजूला बसून इंग्रजीत बोलायचा सराव करतात, म्हणजे निदान तसं सांगतात तरी. कोर्ससाठी दोन युनिव्हर्सिटींना अर्ज केलेत.

दाजींनी पहाणीचं भाषांतर करून आणलं. मी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर लावून बघितलं. आजोबांच्या नावात एक 'ए' जास्त होता, तो परत जाऊन काढून आणला.

निपाणीची_सून

शाबास! सर्व्हे नंबरही ताडून बघा हो मामा. आमच्यात पोटहिश्श्याचा आकडा भाषांतरात गळाला होता.